कोंबडीला धाप लागते, अंडंही अडतं: औषधाआधी पोट तपासा

लहान जातीच्या पाळीव कोंबडीबद्दल एकच तक्रार वारंवार कानावर येते. कोंबडी शेपूट पाडून कोपऱ्यात उभी राहते, चोच अर्धी उघडी ठेवून श्वास घेते, घरट्यात जाते, बाहेर येते, परत जाते. अंडं येत नाही, नाहीतर बिनकवचाचं येतं. कुणीतरी म्हणतं, सर्दी झालीय. पाण्यातून अँटिबायोटिक सुरू होतं, दोन-चार दिवसांत कोंबडी दाणे टिपायला लागते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

अशा वेळी ती पुष्कळदा औषधाने बरी झालेली नसते. अडलेलं अंडं पडून गेलेलं असतं, म्हणून तिला बरं वाटतं. मूळ कारण जागच्या जागी राहतं. त्यामुळे माझा आग्रह एवढाच आहे की अंड्याचा त्रास आणि श्वासाचा त्रास या दोन वेगळ्या तक्रारी समजून दोन वेगळी औषधं शोधू नका. धाप छातीतून येतेय की पोटातून, हे आधी ठरवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पोट भरलं की श्वास का अडतो

कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदाच नाही. तिची फुप्फुसं लहान असतात, बरगड्यांना चिकटलेली असतात आणि आपल्या फुप्फुसांसारखी फुगत नाहीत. हवा आत-बाहेर खेळवण्याचं काम हवेच्या पिशव्या करतात. त्या एकूण ९ असतात आणि त्यांतल्या मागच्या दोन मोठ्या पिशव्या थेट पोटात, आतडी आणि अंडनलिकेच्या शेजारी पसरलेल्या असतात. श्वास घेताना छातीचं हाड खाली आणि पुढे सरकतं, तेव्हा या पिशव्या भरतात.

म्हणून पोटात काहीही जास्तीचं आलं, मग ते अडलेलं अंडं असो, साठलेलं पाणी असो की चरबी, की पिशव्यांना फुगायला जागा उरत नाही. नाक, घसा, फुप्फुस सगळं ठणठणीत असूनही कोंबडी धापा टाकते. आणि याच कारणाने आजारी कोंबडीला दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरायचं नाही. छातीचं हाड हललं नाही तर तिचा श्वासच थांबतो.

लहान जातींना हा त्रास जास्त जाचतो, कारण अंगाच्या मानाने अंडं मोठं असतं. बऱ्याच बँटम कोंबड्या पाऊण किलोच्या आसपास भरतात, सेरामा जातीच्या तर अर्ध्या किलोच्याही खाली. तीस-पस्तीस ग्रॅमचं अंडं त्या पोटात केवढी जागा खातं ते बघा. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले साधारण २० तास ते कवचग्रंथीत, म्हणजे पोटाच्या मागच्या भागात बसून असतं. पक्ष्यांमध्ये सहसा डावी अंडनलिकाच कामाची असते. तिला सूज आली, संसर्ग झाला की पर्यायी वाट नाही.

हात लावण्याआधी नुसतं बघा

कोंबडी पकडली की घाबरून तिचा श्वास वाढणारच, मग त्या श्वासावरून काही कळत नाही. आधी थोडं लांब बसा. ती विसावली की तिची शेपटी बघा. प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होत असेल तर तिला श्वासासाठी अंगातली ताकद लावावी लागतेय. ही खूण उघड्या चोचीपेक्षा जास्त भरवशाची आहे, कारण कडक उन्हात निरोगी कोंबडीसुद्धा चोच उघडून लहलहते आणि पंख अंगापासून लांब धरते. सावलीत, थंड वेळी, बसल्या जागी चोच उघडी राहत असेल तर मात्र ते उन्हाचं नाही.

मग आवाज ऐका. सगळं निजल्यावर, दिवा न लावता खुराड्यापाशी उभं राहिलं की दिवसा न कळलेली घरघर, शिंक, ओलसर खरखर स्पष्ट ऐकू येते. नाकपुड्यांवर माती चिकटून खपली झाली आहे का, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आहे का, एका बाजूचा गाल फुगला आहे का, हे सकाळी पाहा. यातलं काही दिसलं तर आजार श्वासमार्गाचा आहे. नाक कोरडं, डोळे स्वच्छ, आवाज काही नाही, पण शेपटी हलतेय आणि कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहून पाय फाकवून चालतेय, तर पोटाकडे वळा.

पोट तपासायला कोंबडीला काखेत घ्या, तिचं डोकं तुमच्या पाठीकडे, अंग आडवं सरळ. उलटी किंवा पाठीवर झोपवू नका. छातीच्या हाडाचं मागचं टोक आणि शेपटीखालची दोन टोकदार हाडं यांच्यामधली जागा हाताच्या तळव्याने अलगद चाचपायची. निरोगी कोंबडीत ती मऊ आणि दबणारी लागते. अंडं अडलं असेल तर आत एक गुळगुळीत, कडक गोलाई हाताला लागते. पाणी झालं असेल तर पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं ताणलेलं लागतं आणि एका बाजूने टिचकी मारली की दुसऱ्या बाजूला लाट जाणवते. कणकेसारखं घट्ट, जड, खालची कातडी लालसर असं लागलं तर आत बलकाचे जुने गोळे साठलेले असू शकतात. दाबून बघायचा मोह इथे आवरायचा. नुसता तळवा टेकवून ठेवला तरी पुरेसं कळतं. हे पोट आजारी पडल्यावरच पहिल्यांदा चाचपलं तर फरक कळत नाही, म्हणून बऱ्या दिवसांतही अधूनमधून हात फिरवून ठेवावा.

बिनकवचाचं अंडं असं बाहेरून हाताला लागतच नाही, हे लक्षात ठेवा. तेव्हा विष्ठा बोलते: अडलेल्या अंड्यामुळे विष्ठा अगदी थोडी, पाण्यासारखी येते किंवा बंद होते, आणि अंडं पडलं की पाठोपाठ मोठा ढीग पडतो. अंड्याचा दाब पायांकडे जाणाऱ्या नसांवर आला तर कोंबडी लंगडते किंवा बसूनच राहते. पायाला काही झालंय असं वाटून नको तिथे वेळ जातो.

अंडं अडलंय अशी खात्री असेल तेव्हा

बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी करा. अंधारी, शांत, उबदार पेटी, तळाशी मऊ कापड. साधारण ३० अंश उष्णता आणि हवेत थोडी वाफ असली की स्नायू सैल पडतात. एका बाजूलाच ऊब ठेवा म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येईल.

कोमट पाण्यात बसवण्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि तो चांगलाही आहे: ३८ ते ४० अंशांचं पाणी, पोट बुडेल इतकंच, पंधरा-वीस मिनिटं, नंतर लगेच पुसून पूर्ण कोरडी करायची. पण कोंबडी आधीच तोंड उघडून धापत असेल, तुरा जांभळट पडला असेल, तर पाण्यात बसवू नका. धरण्या-भिजवण्याचा ताण तिला सोसत नाही. अशा कोंबडीला नुसती ऊब आणि अंधार द्या आणि पशुवैद्याला फोन करा.

पातळ हातमोजा घालून, बोटाला जंतुनाशक नसलेलं, पाण्यात विरघळणारं वंगण लावून मागच्या द्वारातून बोट दोन पेरं आत नेलं तर अंड्याचं टोक लागतं. ते लागलं तर कडेने वंगण फिरवा आणि तेवढ्यावर थांबा. पोट दाबून अंडं बाहेर ढकलायचं नाही, आतून ओढायचं नाही. आत फुटलेल्या कवचाच्या कडा अंडनलिका चिरतात, बलक आत राहून सडतो आणि साध्या अडथळ्याचं रूपांतर जिवावरच्या संसर्गात होतं.

आकुंचनासाठी कॅल्शियम लागतं, म्हणून अडलेल्या वेळी ते द्यायला सांगतात. शिंपल्यांच्या चुऱ्यातलं कॅल्शियम पचून रक्तात यायला वेळ लागतो. तातडीला द्रवरूप कॅल्शियमच उपयोगी, आणि त्याची मात्रा वजनावर ठरते. पाऊण किलोच्या कोंबडीला मोठ्या कोंबडीची मात्रा अंदाजाने देऊ नका, फोनवर वजन सांगून विचारा. देताना थेंब थेंब चोचीच्या कडेला लावायचा आणि तिला गिळू द्यायचं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागे लगेच असतं. चोच उघडून पाणी, तेल, औषध ओतलं तर ते सरळ फुप्फुसात जातं. धापणाऱ्या कोंबडीच्या घशात ‘अंडं सुटावं’ म्हणून तेल ओतण्याचा सल्ला मी वाचला आहे. घशातल्या तेलाचा अंडनलिकेशी काहीही संबंध नाही, धोका मात्र पुरेपूर आहे.

काही तासांत फरक पडला नाही तर थांबू नका. पूर्ण दिवस वाट बघणं म्हणजे तिची ताकद संपवणं. दवाखान्यात कॅल्शियमचं इंजेक्शन, सलाईन, वेदनाशामक, मग वाट मोकळी असेल तरच कळा आणणारं औषध देतात. अंडं चिकटलेलं असताना कळा वाढवल्या तर नलिका फाटू शकते, म्हणून ते इंजेक्शन घरी आणून टोचणं अजिबात नको. अंडं दिसत असेल तर पशुवैद्याला सुईने आतला द्रव ओढून कवच हळूच चेपवून काढता येतं. जोर करून आतला भाग बाहेर आला असेल तर तो स्वच्छ कोमट पाण्याने ओला ठेवा आणि कोंबडी एकटी ठेवा. लाल दिसलं की इतर कोंबड्या टोचतात, आणि ते टोचणं जीवघेणं ठरतं.

पुन्हा पुन्हा होतंय, तर वही काढा

एकदाचा त्रास उपचाराने संपतो. वारंवारचा त्रास नोंदीतून उलगडतो. अंडं कधी पडलं, कवच कसं होतं, धाप कधी वाढली, कधी ओसरली, वजन किती, एवढंच रोज एका ओळीत लिहा. काही आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. धाप अंड्याच्या आधी चढत जाते आणि अंडं पडल्यावर उतरते, असं दिसलं तर मूळ पोटात आहे. अंडी येवोत न येवोत, धाप तशीच राहते किंवा थंडी, पिसं गळण्याचा काळ, नवी कोंबडी आणणं यांनंतर उसळते, तर मूळ श्वासमार्गात आहे.

वजनाचा आकडा एकटा फसवतो. आमच्याकडे एका छोट्या कोंबडीचं वजन वाढत होतं म्हणून घरात सगळे खूश होते, पण छातीवरून बोट फिरवलं तर मधलं हाड धारेसारखं टोचत होतं, दोन्ही बाजूंचं मांस उतरलं होतं. वजन वाढतंय आणि छाती सुकतेय, तर ते वजन बहुधा पाण्याचं आहे. वजनकाट्याबरोबर छातीच्या हाडावर बोट ठेवायची सवय तेव्हापासून लागली.

पोटात पाणी होण्याची कारणं बरीच. बलक अंडनलिकेत न जाता पोटातच पडत राहतो आणि तिथे दाह होतो. अंडाशयाचा किंवा अंडनलिकेचा कर्करोग होतो, आणि वय वाढलेल्या कोंबड्यांत तो काही दुर्मिळ नाही. यकृत किंवा हृदय बिघडतं. पशुवैद्य सुईने थोडं पाणी काढतात तेव्हा श्वास लगेच मोकळा होतो. घरी सुई घालू नका: आतडं छेदलं जातं, आणि सगळं पाणी एकदम काढलं तर कोंबडी हातातच जाऊ शकते. काढलेलं पाणी परत साठतं, म्हणून पाणी काढणं हा आराम आहे, इलाज नाही. ते दर काही दिवसांनी काढावं लागू लागलं, तिने खाणं सोडलं, की पशुवैद्याशी शांत मरणाबद्दल बोलायला हरकत नाही. त्यात तिच्याविषयीची मायाच असते.

बलक पोटात पडणं किंवा अंडी वारंवार अडणं असेल तर खरा उपाय म्हणजे काही काळ अंडी थांबवणं. अनेक देशांत पशुवैद्य डेस्लोरेलिन या संप्रेरकावर काम करणाऱ्या औषधाची कातडीखाली बसवायची गोळी वापरतात. तिने काही महिने अंडी बंद राहतात, नंतर पुन्हा बसवावी लागते. ती मिळत नसेल तरी हातात काही गोष्टी आहेत. अंडी देणं उजेडावर चालतं. दिवसाचा उजेड १४ ते १६ तासांपर्यंत गेला की अंडी जोरात येतात. तेव्हा खुराड्यात रात्री दिवा लावत असाल तर तो आधी बंद करा, आणि संध्याकाळी लवकर अंधारात झोपवा. कोंबडी खुडूक बसणारी असेल तर घरट्यात दोन-चार खोटी अंडी राहू द्या. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, आणि त्या विश्रांतीत तिची अंडनलिका सावरते. दिवसातून एकदा उठवून तिला खायला-प्यायला लावा, म्हणजे ती वाळणार नाही. अंडी येणं हे पाळीव कोंबडीचं कर्तव्य आहे असं मानणाऱ्यांना हे पटत नाही, पण त्रासातल्या कोंबडीला एक ऋतू सुट्टी दिली तर ती पुढची वर्षं बरी काढते.

खाद्याकडेही बघा. एका मोठ्या अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि ते खाद्यातून नाही मिळालं तर हाडांतून काढलं जातं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. लेअर खाद्य घालूनही वरून इतके दाणे, भाकरीचे तुकडे पडतात की हे प्रमाण निम्म्यावर येतं. वरचं खाणं दहा टक्क्यांच्या आत ठेवा. शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, लागेल तेवढा ती स्वतः खाते. दाणे दळायला लागणारे खडे म्हणजे कॅल्शियम नव्हे. उलट अंडी न देणाऱ्या तलंगेला किंवा कोंबड्याला लेअर खाद्य सतत दिलं तर मूत्रपिंडं बिघडू शकतात. ऊन अंगावर थेट पडू द्या, काचेतून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. आणि गुटगुटीत कोंबडी पाहून आनंद मानू नका, पोटातली चरबी हाही अडथळाच आहे.

नाक, डोळे, घरघर खरोखर असेल तर

मायकोप्लाझ्मा या जंतूचा जुनाट आजार इथे सर्वांत त्रासदायक. शिंका, फेसाळ डोळा, घरघर, मग बरं, मग पुन्हा. टायलोसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाने लक्षणं दबतात, जंतू अंगातून जात नाही. ताण आला की उसळतो. तो अंड्यातून पिलांतही जातो, म्हणून अशा कोंबडीची अंडी उबवू नयेत. तोंड सुजून घाण वास येत असेल तर कोरायझाचा, म्हणजे कोंबड्यांच्या संसर्गजन्य सर्दीचा संशय घ्या.

इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस मात्र या दोन्ही तक्रारींना जोडणारा दुवा आहे. हा विषाणू श्वासमार्गही बिघडवतो आणि अंडनलिकाही. मोठ्या कोंबडीत शिंकांपाठोपाठ कवचावर सुरकुत्या येतात आणि अंड्याचा पांढरा भाग पाण्यासारखा पातळ होतो. अगदी लहान पिलाला झाला तर ते पिलू वरून बरं होतं, वाढतं, तुरा लाल होतो, घरट्यात बसतं, पण अंडं कधीच येत नाही: नलिका कायमची निकामी झालेली असते, बलक पोटात पडत राहतो आणि नलिकेत पाणी भरतं. ‘आधी सर्दी झाली होती, आता पोट फुगलंय’ असा इतिहास ऐकला की मला हाच पहिल्यांदा आठवतो. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, लसीकरण हाच बचाव.

मान ताणून जांभया देत असेल आणि मोकळ्या मातीत गांडुळं टिपत असेल तर श्वासनलिकेतले जंत शोधायला सांगा, विष्ठा तपासून औषध मिळतं. तोंडात पिवळट-पांढरे थर दिसले तर ओली देवी, म्हणजे कोंबड्यांच्या देवीचा तोंडात येणारा प्रकार असू शकतो, ते थर खरवडू नका. बुरशी लागलेला भुसा-पेंढा त्याच दिवशी बाहेर टाका, फुप्फुसात शिरलेल्या बुरशीवर उपचार अवघड आहे. आणि खुराड्यात कोंबडीच्या उंचीला वाकून एक श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय, आणि त्या हवेत कुठलंही औषध लागू पडत नाही. चार भिंतींत ठेवत असाल तर तापलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या धुरापासूनही तिला दूर ठेवा, पक्ष्यांना तो प्राणघातक आहे.

एकापाठोपाठ कोंबड्या मरत असतील, डोकी सुजून निळी पडत असतील, माना पिळवटत असतील, तर घरी उपचार करत बसू नका. मानमोडी किंवा बर्ड फ्लू असू शकतो. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, पशुसंवर्धन खात्याला लगेच कळवा.

अँटिबायोटिक सुरू करायचं तर पशुवैद्याला ‘ही अंड्यावर आहे’ हे सांगून, पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस. त्या काळात आणि नंतर ते सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत. काही औषधं अंड्यावरच्या कोंबड्यांना द्यायला अनेक देशांत बंदी आहे. दोनदा तेच औषध देऊन आजार परतला असेल तर तिसऱ्यांदा तेच मागू नका, घशाच्या नमुन्याची तपासणी मागा.

दवाखान्यात नेताना पेटी उंच, हवेशीर, तळ न घसरणारा असा बघा. बरोबर वही, शेवटच्या विष्ठेचा फोटो, शक्य असल्यास शेवटचं बिघडलेलं अंडं न्या. एक्स-रेमध्ये कवच असलेलं अंडं दिसतं, पाणी आणि बिनकवचाचं अंडं यांसाठी सोनोग्राफी जास्त कामाची. पोटात पाणी असल्याचा संशय आहे हे टेबलावर ठेवण्याआधीच सांगा, म्हणजे कुणी तिला उलटी करून पाठीवर दाबून धरणार नाही.